पिशवीवरचं नाव

तुम्ही आजवर किती जणांना दुसऱ्याच्या वतीने माफ केलंय? जरा आठवून बघा. मार खाल्लेला माणूस वेगळाच असतो, आणि 'जाऊ दे, झालं गेलं' म्हणणारे आपण असतो. या बाबतीत आपला समाज फार उदार आहे. ती उदारता मी टोकियोत, ओजिमाच्या एका सभागृहात, टाळ्यांच्या कडकडाटात पाहिली. ती ज्याच्या वाट्याला आली त्या म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी ती परत केली, तेही पाहिलं. हा लेख त्या म्हाताऱ्यावर आहे. मला तो आवडत नव्हता. आजही आवडत नाही. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचे. इथे 'तो' म्हणणार आहे. वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे खटकेल. खटकू दे.

ओजिमाच्या सरकारी वसाहतीत मराठी घरं बरीच. कुणी बँकेच्या बदलीवर आलेलं, कुणी सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर. मी कावासाकीच्या एका कंपनीत आपले प्रोग्रामर आणि जपानी ग्राहक यांच्यामध्ये दुभाषी होते. वडील सोलापुरात गिरणी कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, स्वतःच छापायचे आणि स्वतःच वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्या ओल्या शाईवर. त्यामुळे कुठलाही नियम दिसला की तो कुणी केला आणि कुणासाठी, हे विचारायची खोड घरूनच लागलेली. आमच्या इमारतीत नियम म्हणजे मोरिता-सान.

नव्वदीकडे झुकलेला, ठेंगणा, पाठीने ताठ. बारा महिने तीच राखाडी टोपी, हातात पांढरे सुती हातमोजे. इमारतीच्या खाली कचऱ्यासाठी जाळीचा पिंजरा होता. सकाळी तो त्या पिंजऱ्याजवळ उभा. जळणारा कचरा कुठला, न जळणारा कुठला, बाटल्या कधी, कागद कधी, हे सगळं तर होतंच. पण त्याचा म्हणून आणखी एक नियम होता. प्रत्येक पिशवीवर घराचं नाव लिहायचं. मोठ्या अक्षरांत.

मी राहायला आल्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने माझ्या दाराची घंटी वाजवली. हातात माझी पिशवी.

"ही तुमची."

"कशावरून? नाव कुठंय?"

"नाही, म्हणून तर आलो. आत तुमच्याकडच्या मसाल्याचं पाकीट आहे."

"तुम्ही माझी पिशवी उघडलीत?"

"उघडली," तो म्हणाला. जराही संकोच नाही. "पनीरचा प्लास्टिकचा डबा जळणाऱ्यात टाकलाय. ज्याचं त्याने उचलायचं. दुसऱ्यावर ढकलायचं नाही. नाव घाला."

मी वॉर्डाच्या कचेरीत फोन करून विचारलं. पिशवीवर नाव घालायचा असा कुठलाही नियम नव्हता. मी खाली जाऊन त्याला ऐकवलं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "वॉर्डाचा नाहीच. माझा आहे."

मग मी घरच्या वळणावर गेले. 'आमची पिशवी उघडण्याचा अधिकार कुणाला?' असं पत्रक दोन्ही भाषांत लिहून लिफ्टमध्ये चिकटवलं. संध्याकाळी ते माझ्या दाराच्या मुठीला लटकत होतं. चिकटपट्टी वेगळी काढून, कागदाची नीट घडी घालून. त्यावर एक लाल चिठ्ठी डकवलेली. चुकीचा कचरा असला की गाडीवाले तो उचलत नाहीत आणि पिशवीवर 'हे नेता येत नाही' अशी चिठ्ठी लावून जातात. त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा याच्या खिशात कायम असायचा. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'कागद. गुरुवारी.'

आमच्या लोकांना हा प्रकार फार गोड वाटायचा. ते त्याला आजोबा म्हणायचे. त्याचं कारण कचरा नव्हतं. कारण पाणी होतं.

म्हाताऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत सदैव पाण्याच्या बाटल्या असत. बागेत खेळणारी मुलं, सामान पोचवणारी माणसं, कुणीही दम खाताना दिसलं की हा बाटली पुढे करायचा. घेतली नाही तर हलायचा नाही. समोरच्याच्या घशाखाली घोट उतरेपर्यंत बघत राहायचा. मला त्या बघण्याची शिसारी यायची. देशपांडे काका म्हणायचे, "मुक्ता, तुला माणसातलं चांगलं दिसतच नाही बघ." काका बँकेच्या नोकरीवर आलेले, आमच्या मंडळाचे अध्यक्ष, उत्साही आणि वाईट विनोद करणारे. मनाने वाईट मुळीच नव्हते; हे आत्ताच सांगून ठेवते.

२०११च्या मार्चमधल्या त्या भूकंपानंतर आमच्यातली निम्म्याहून अधिक घरं मिळेल त्या विमानाने मुंबईला गेली. उरलेल्यांत शिल्पा वहिनी होत्या, तान्हं बाळ घेऊन. अणुवीज केंद्रातल्या गळतीच्या बातम्या चालू होत्या. एक दिवस जाहीर झालं की तान्ह्या मुलांना नळाचं पाणी देऊ नका. तासाभरात कोन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, सगळ्या बाटल्या संपल्या. लिफ्ट अजून बंदच होती. वहिनींनी मला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या. मी रिकाम्या हाताने जिना चढत गेले तर पुढे मोरिता-सान. दोन्ही हातांत बाटल्या, पायरीपायरीवर थांबत. चौथ्या मजल्यापर्यंत त्याने तशा खेपा केल्या.

शेवटच्या खेपेला वहिनी म्हणाल्या, "आजोबा, थांबा हं," आणि बाळ माझ्याकडे देऊन वाकल्या. पाया पडायला. त्यांचा हात पावलाला लागायच्या आत म्हातारा मागे उडाला. पाठ कठड्यावर आदळली, एक बाटली जिन्यावरून गडगडत खाली गेली, आणि तो ओरडला: "नको! उठ! उठ!"

त्या आवाजाने बाळ रडायला लागलं. म्हातारा भिंतीला धरून खाली उतरून गेला.

"किती लाजले गं," वहिनी डोळे पुसत हसल्या.

ही गोष्ट वसाहतभर झाली. परतलेल्या घरांतल्या मुलांनी तिचा खेळ केला. "आजोबा, नमस्कार!" म्हणून धावत यायचं आणि त्याच्या पायांवर झडप घालायची. तो पिंजऱ्यामागे पळायचा. आयाबाया हसायच्या. मोठ्यांच्या पाया पडणं यात वाईट काय असणार? कुणाच्या मनातही आलं नाही की माणूस लाजतो आहे की भितो आहे हे एकदा नीट बघावं. माझ्याही नाही. मी फक्त त्या खेळात नव्हते, कारण आमच्या घरात कुणी कुणापुढे वाकायचं नाही हा वडिलांचा दंडक.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. शाल, नारळ, आणि मुलांनी रांगेने येऊन नमस्कार करायचा. ही रांगेची कल्पना काकांची. कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी मी बागेतल्या बाकावर बसले होते. तो येऊन समोर उभा राहिला. टोपी काढलेली. टोपीशिवाय मी त्याला प्रथमच पाहत होते.

"तुम्ही वाकत नाही," तो म्हणाला.

"नाही. कुणापुढेच नाही."

"म्हणून तुमच्याकडे आलो. तो कार्यक्रम थांबवा."

"का बरं? शाल मिळेल. लाडू मिळतील."

"मुलं वाकणार आहेत."

मग त्याने सांगितलं. कचरा वेगळा करतानाच्याच आवाजात, एक गोष्ट उचलून बाजूला ठेवायची, मग दुसरी.

त्याचं नाव मोरिता नव्हतं. कुमागाई तोकुजी. ईशान्य किनाऱ्यावरच्या एका कोळी गावातला. युद्धात दक्षिणेकडच्या एका बेटावर तो युद्धकैद्यांवर पहारेकरी होता. कैदी हिंदी शिपाई, सिंगापूर पडलं तेव्हा सापडलेले. त्यांतला एक सखाराम. हे नाव त्याने अगदी स्वच्छ उच्चारलं. सखारामच्या डाव्या हाताच्या करंगळीचं अर्धं पेर नव्हतं. कंदमुळांचा लगदा करून तो दोन तळव्यांत फिरवत गोल थापायचा आणि तापल्या पत्र्यावर टाकायचा. सांगताना म्हाताऱ्याने हातमोजे काढले आणि हवेत थापून दाखवलं. दोन तळवे, अंगठ्यांनी कड सरकवत. सोलापुरात माझी आत्या तशीच भाकरी थापते.

एक दिवस सखारामने कोठारातून एक कंद चोरला. शिक्षा म्हणून त्याला उन्हात खांबाला बांधलं. दुपारी पहारा याचा होता. सखारामच्या पायांना दोर नव्हता, हात मागे बांधलेले. तो गुडघ्यांवर घसरला आणि याच्या बुटावर डोकं टेकवून पाणी मागू लागला. बाजूला दोघे पहारेकरी हसत होते. याने कमरेची बाटली काढली, उघडली, आणि सखारामच्या डोळ्यांपुढे पाणी वाळूवर ओतलं. सखारामने ती ओली वाळू तोंडात घेतली. संध्याकाळी तो मेला.

"हुकूम होता?" मी विचारलं.

"नाही. हुकूम असता तर सांगायला सोपं गेलं असतं."

जपान शरण गेल्यावर पहारेकऱ्यांची नावानिशी चौकशी सुरू झाली. याच्याबरोबरचा मोरिता नावाचा शिपाई तापाने मेला होता. ओजिमाचा पोरका मुलगा. त्याची आळीच्या आळी विमानहल्ल्यात जळालेली, ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. याने त्याचं नाव घेतलं आणि त्याच्या जळक्या आळीत येऊन राहिला. कुमागाई तोकुजी कागदोपत्री बेटावर मेला. गावात आईने त्याचं थडगं बांधलं. आई गेल्याचं कळल्यावर हा एकदाच गावाकडे गेला, लांब उभा राहिला, दगडावरचं स्वतःचं नाव वाचलं आणि परत फिरला.

"तुम्ही माझी पिशवी उघडून मला नाव घालायला लावलंत," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "आणि स्वतःची घाण मेलेल्या माणसाच्या नावावर टाकलीत?"

"हो," तो म्हणाला.

"मग आत्ताच का सांगताय?"

"उन्हाळ्यात गावी गेलो होतो. गेल्या वर्षीच्या भूकंपाच्या त्या लाटेने, त्सुनामीने, डोंगराखालचं सगळं नेलं. दफनभूमीसुद्धा. माझं थडगं वाहून गेलं." त्याने हातमोजे पुन्हा चढवले. "आता मला मेलेला राहता येत नाही."

त्याला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी ते दिलं नाही. म्हणाले, "मी कार्यक्रम थांबवणार नाही. तुम्ही मंचावर जा आणि हेच सांगा. मी भाषांतर करीन. एकही शब्द मऊ करणार नाही."

"मऊ नकोच," तो म्हणाला आणि टोपी घातली.

सभागृह भरलेलं होतं. आकाशकंदील, फराळाची ताटं, नव्या कपड्यांतली मुलं पहिल्या रांगेत. काकांनी त्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि माइक पुढे केला. तो बोलू लागला, एकेक वाक्य, आणि प्रत्येक वाक्यानंतर माझ्यासाठी थांबत. पण मुलांना माझी गरज नव्हती. ती इथल्या शाळेत वाढलेली. त्यांचे चेहरे त्यांच्या आईबापांच्या एक वाक्य आधी बदलत होते. 'पाणी वाळूवर ओतलं' हे मी मराठीत म्हणायच्या आधीच पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून आईच्या कुशीत गेली होती. आई अजून हसऱ्या चेहऱ्याने विचारत होती, "काय झालं गं?"

शेवटी तो म्हणाला, "सखारामची माणसं कुठे आहेत ते मला ठाऊक नाही. ठाऊक करून घेण्याची हिंमत मी केली नाही. माझ्यापुढे कुणी वाकू नये." एवढं सांगून त्याने माइक खाली ठेवला.

सभागृहात चमचाही वाजत नव्हता. मला वाटलं, असंच राहू दे. निदान थोडा वेळ असंच राहू दे. पण देशपांडे काकांना शांतता सोसत नाही. त्यांनी माइक घेतला. डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"बंधूंनो, भगिनींनो, केवढं हे धैर्य! आपली संस्कृती क्षमेची आहे. आज या शुभदिनी, समस्त मराठी बांधवांच्या वतीने, मोरिता आजोबा, आम्ही आपल्याला माफ करतो!"

टाळ्या. काही जण उभेसुद्धा राहिले. सुटल्यासारखे वाजवत होते. फराळाची ताटं वाट बघत होती. काका माझ्याकडे वळले, "सांग ना त्यांना."

"नाही सांगणार," मी माझ्या हातातल्या माइकवरच म्हणाले. "काका, सखाराम तुमचा कोण?"

"मुक्ता, पुरे हं आता. नव्वदीचा माणूस आहे. किती छळायचं?"

"मी छळत नाहीये. विचारतेय. तुमचा काका? मामा?"

"अगं, तो इंग्रजांच्या फौजेतला शिपाई. इथे कुणी त्याला ओळखतं तरी का?"

"ओळखत नाही, तर मग माफी कुणाच्या खिशातून काढून दिलीत?"

"ही पत्रकबाजी सोलापुरात कर!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि लोक हसले. हसायला कारण हवंच होतं.

शिल्पा वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी टाळ्याही वाजवल्या नव्हत्या. पोराला कडेवर घेऊन त्या मंचाजवळ आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "मला तुझ्यासारखं भांडता येत नाही गं. माझ्या लेकराला पाणी यांनीच आणून दिलं. आणि त्या माणसाला यांनीच दिलं नाही. मी दोन्ही कुठे ठेवू, तेवढं सांग."

त्या संध्याकाळी एवढ्या माणसांत प्रामाणिक प्रश्न तेवढा एकच होता, आणि वहिनींनी त्याच्यावर टाळीचं झाकण घातलं नाही.

म्हाताऱ्याने काकांचं बोलणं माझ्याशिवाय समजून घेतलं असावं. शेजारच्या मुलाला त्याने काहीतरी विचारलं, मुलाने जपानीत उत्तर दिलं. तो शाल पांघरलेला, नारळ धरून, सगळ्यांना एकदा झुकून सभागृहाबाहेर गेला. मुलांची रांग लागलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला फोन केला. आवाज दुखावलेला. "ये जरा वर. हे बघ काय आहे."

त्यांच्या दाराच्या मुठीला एक पारदर्शक पिशवी लटकत होती. आत शाल, दुकानातल्यासारखी घडी केलेली. नारळ वेगळ्या पिशवीत. नारळावरची प्लास्टिकची फीत काढून आणखी तिसऱ्या पिशवीत. तिन्हींवर मोठ्या अक्षरांत 'देशपांडे'. आणि शालीच्या पिशवीवर लाल चिठ्ठी: 'हे नेता येत नाही.'

"हा अपमान आहे," काका म्हणाले. "आपण एवढ्या मनाने दिलं."

"आपलं नव्हतं, काका. म्हणून परत आलंय."

त्या वाक्यानंतर त्यांनी बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांचं मन दुखलं हे खरं होतं. पण दुखलेलं मन दाखवून कुणी सुटत असेल, तर म्हाताराही कधीच सुटला असता.

नंतर त्याला आजोबा म्हणणं आपोआप बंद पडलं. काही घरांनी मुलांना बजावलं, त्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही. तीच माणसं टाळ्या वाजवणारी. वहिनी मात्र त्याला पहिल्यासारखंच सकाळी नमस्कार म्हणायच्या, तोंडाने, उभ्याउभ्या. मी एकदा त्याच्याबरोबर, त्याचं खरं नाव नोंदवायला, वॉर्डाच्या कचेरीत गेले. दोन अधिकारी त्याचं म्हणणं ऐकून घाबरले, चहा दिला, आणि या वयात नाव बदलण्याचा त्रास कशाला, असं गोड बोलून परत पाठवलं. माफ करणारे सगळीकडे भेटतात. नाव लिहून घेणारं कुणी भेटत नाही.

कंपनीने माझी ओसाकाला बदली केली. जायच्या दिवशी सकाळी मी शेवटचा कचरा घेऊन खाली आले. जुलैची उकड होती. तो पिंजऱ्याजवळ उभा, हातात स्वतःची पिशवी. तिच्यावर जाड लेखणीने लिहिलेली अक्षरं मी दुरूनच वाचली. कुमागाई तोकुजी. गाडी आली, कामगाराने पिशवी उचलली, नाव न बघता आत फेकली. गाडी वळेपर्यंत म्हातारा तिच्याकडे बघत होता.

मग मी दिसले. माझ्या कपाळावरून घाम गळत होता, एका हातात बॅग. त्याने पाठीवरून बाटली काढली आणि पुढे केली. मला तहान लागली होती. मी घेतली नाही. या वेळी त्याने हट्ट केला नाही. बाटली मागे घेतली, आणि नीट वेगळी केलेली, नाव घातलेली पिशवी बघून तो जशी मान हलवायचा, तशी मान हलवली. बरोबर आहे, अशी. मी स्टेशनकडे निघाले. त्यानंतर तो मला दिसला नाही.

मी त्याला माफ केलेलं नाही. माफी नाकारण्याचाही अधिकार मला नाही. पाणी न पिणं एवढंच माझ्या हातात होतं. ज्यांचा अधिकार आहे ती माणसं तुमच्यात आहेत. सोलापुरात, साताऱ्यात, कोकणात, कुठेतरी. म्हणून हा लेख वाचून बाजूला ठेवू नका. आज घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा: आपल्यात कुणी सखाराम होता का? दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर सिंगापूरकडे गेलेला, परत न आलेला, डाव्या करंगळीने थोटा, हातावर भाकरी थापणारा? असा कुणी निघाला, तर तो कसा मेला ते त्यांना सांगा. तो कुणाच्या हातून मेला, त्याचं खरं नाव सांगा: कुमागाई तोकुजी. आणि मग तिथून उठून या. त्यांना क्षमा शिकवायला थांबू नका.